धाप लागली तर आधी घड्याळ बघा : अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्यांसाठी

म्हार्दोळपासून थोडं आत, कुळागराच्या उतारावर आमचं घर आहे. रस्त्यावरून वर यायला चिऱ्याच्या 38 पायऱ्या. 2014 सालच्या चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळा-पानांचं सामान घेऊन चढताना एकविसाव्या पायरीवर मी मटकन खाली बसले. छाती धडधडत होती आणि श्वास पुरा भरतच नव्हता. थोरल्या जाऊबाईंनी हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "अगो, उपासाचं पित्त झालंय तुला." मीही तेच धरून चालले.

तेव्हा अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याच्या आजाराचं, निदान होऊन तीन वर्षं झाली होती. दिवसातून किती वेळा शौचाला जावं लागतं, रक्त किती, शेंब किती, हे मी शाळेच्या हजेरीसारखं नेमानं लिहीत होते. धाप मात्र त्या वहीत नव्हती, कारण तिचा पोटाशी संबंध असेल असं मला वाटलंच नव्हतं. चवथीनंतर तीन आठवड्यांनी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 7.4 निघालं.

पुढे बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीबाहेर बाकावर बसून याच आजाराच्या बऱ्याच जणांशी बोलणं झालं. धाप लागते असं सांगणारे पुष्कळ, पण ती पोटाच्या डॉक्टरांना सांगितलेली असलेले फार थोडे. म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेत शिकवते. डॉक्टरांना विचारून समजून घेतलेलं आणि स्वतः भोगलेलं तेवढंच इथे आहे.

किती वेळात आली?

धाप लागली की स्वतःला पहिला प्रश्न हा विचारायचा. मिनिटांत किंवा तासाभरात आली असेल तर रक्ताची गुठळी, हृदय किंवा औषधाची जोरदार ॲलर्जी. दोन-चार दिवसांत ताप-खोकल्यासकट आली तर न्यूमोनियासारखा संसर्ग. आठवड्या-आठवड्यानं वाढत गेली असेल तर रक्त कमी होणं, नाहीतर एखादं औषध फुप्फुसाला न मानवणं. आणि महिनोन्‌महिने खोकला, बेडका आणि त्यासोबत दम असेल तर श्वासनलिकांची सूज. ही विभागणी काटेकोर नाही, गुठळीसुद्धा कधी हळूहळू दम वाढवते. पण कुठे आणि किती घाईनं जायचं हे ठरवायला ती पुरते.

यातलं काही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, 108 ला फोन करा : अचानक आलेली धाप, खोल श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, एकच पाय सुजलेला आणि त्यासोबत दम, ओठ निळसर, एक वाक्य सलग बोलता न येणं, चक्कर येऊन पडणं. गोव्यात 108 ची गाडी मोफत आहे. स्वतः स्कूटर काढून जाऊ नका आणि सकाळच्या बसची वाट बघू नका.

रक्त कमी झालं असेल तर

धापेचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात आणि त्यातून रोज थोडं थोडं रक्त जातं. थोडं जातं म्हणून माणूस सवयीचा होतो. वर शरीरात सूज असते तेव्हा आतडं लोह शोषून घेत नाही आणि साठ्यातलं लोहही नीट बाहेर पडत नाही. म्हणजे घरात धान्य कमी आणि कोठाराचं दारही बंद.

बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि पुरुषाचं 13 च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. गंमत नाही ही, पण हळूहळू खाली येतं तेव्हा शरीर जुळवून घेत राहतं आणि 8 पर्यंत पोचलं तरी माणूस भात शिजवतो, मुलांना शाळेत सोडतो. फरक चढावर कळतो. म्हणून माझा सल्ला असा : तुमच्या रोजच्या वाटेवरचा एक चढ ठरवून घ्या. देवळाच्या पायऱ्या असोत, इमारतीचा जिना असो. कितव्या पायरीला थांबावं लागलं ते महिन्यातून दोनदा लिहा. मी कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते, दुधाच्या हिशोबाशेजारी. "38" म्हणजे न थांबता वर आले. "30" दिसलं की मी रक्त तपासायला जाते.

ऑक्सिमीटरबद्दल इथेच सांगते, कारण त्यानं मला फसवलं असतं. बोटाला लावायचं ते यंत्र रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजननं भरलंय ते दाखवतं. हिमोग्लोबिन मुळात किती आहे ते त्याला कळत नाही. हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहणाऱ्या होड्या. होड्याच अर्ध्या उरल्या आणि उरलेल्या सगळ्या भरलेल्या असल्या, तर यंत्र 98 किंवा 99 दाखवणार आणि तुम्हाला धाप लागलेलीच असणार. तेव्हा आकडा चांगला आला म्हणून धाप मनाची आहे असं कुणी म्हणालं तर हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय ते मान्य करू नका.

तपासणीत नुसता सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पुरत नाही. फेरिटिन (लोहाचा साठा), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात फिरणारं लोह) आणि सीआरपी (शरीरातली सूज) एकत्र करून घ्या. एरवी फेरिटिन 30 च्या खाली असेल तर लोह कमी आहे हे स्पष्ट असतं. पण आजार उसळलेला असताना सुजेमुळे फेरिटिन वर चढतं, तेव्हा ते 100 पर्यंत असलं तरी लोह कमी असू शकतं. माझं पहिलं फेरिटिन 58 आलं होतं आणि एका ठिकाणी "लोह ठीक आहे" म्हणून मला परत पाठवलं. सीआरपी सोबत बघितलं असतं तर महिना वाचला असता. बी-12 आणि फॉलिक ॲसिडही एकदा बघून घ्यावं, विशेषतः या आजारावरचं सल्फासालाझिन चालू असेल तर. ते औषध फॉलिक ॲसिडचं शोषण कमी करतं.

मग लोह कसं घ्यायचं? आजार शांत आहे आणि हिमोग्लोबिन फार खाली नाही, तर गोळी चालते. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. गोळी चहासोबत घेऊ नका. दुप्पट गोळ्या घेतल्यानं दुप्पट फायदा होत नाही, पोट मात्र बिघडतं. आजार उसळलेला असेल, हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल किंवा गोळी सोसत नसेल, तर शिरेतून लोह देतात. मला गोळीनं पोटात मुरडा यायचा, म्हणून शेवटी सलाइनमधून दिलं. ते चढवताना किंवा संपल्यावर लगेच श्वास कोंडला, अंगावर गांधी उठल्या, छाती आवळली तर त्याच क्षणी नर्सला हाक मारायची. संपल्यावर निदान अर्धा तास तिथेच बसायचं, बस चुकली तरी चालेल. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण 2 नं वर यायला हवं. आलं नाही, तर रक्त अजून कुठेतरी जातंय किंवा कारण दुसरं आहे.

तांबडी भाजी, खजूर, बीट यांबद्दल सगळेच सांगतात. आजार शांत असताना खा, सोलकढी प्या, चांगलंच आहे. पण 7 चं हिमोग्लोबिन भाजीनं 12 वर येत नाही, आणि आजार उसळलेला असताना पालेभाजीचा चोथा सोसतोच असं नाही. त्या दिवसांत मी उकड्या तांदळाची पेज खाते आणि लोह डॉक्टरांवर सोपवते.

गुठळी : ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते

2019 च्या जूनमध्ये आजार पुन्हा उसळला. दिवसाला बारा-तेरा वेळा जावं लागायचं, उरलेला वेळ अंथरुणात. पाणी प्यायलं की पुन्हा जावं लागेल म्हणून मी पाणीही कमी केलं. आठव्या-नवव्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली. सासूबाईंनी मायेनं खोबरेल कोमट करून पाय चोळला. जवळच्या एका दवाखान्यात स्नायू आखडला असं सांगून मलम दिलं. दोन दिवसांनी पहाटे उठून बसले तर उजव्या बरगडीखाली सुरी घातल्यासारखी कळ आणि श्वास अर्ध्यावर तुटायला लागला. पोटरीतल्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. बाहेर पाऊस कोसळत होता. मिस्टरांनी 108 ला फोन केला आणि मला दोघांनी खुर्चीत बसवून त्या 38 पायऱ्या खाली नेलं.

या आजारात शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे दोन-तीन पट असतो आणि आजार उसळलेला असताना त्याहून अधिक. सूज रक्ताला घट्ट व्हायला लावते. त्यात अंथरुणात पडून राहणं, शरीरातलं पाणी कमी होणं, स्टिरॉइड, नुकतंच झालेलं ऑपरेशन, बाळंतपण, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या हे सगळं भर घालतं. याच आजारावरच्या टोफासिटिनिब नावाच्या गोळीनंही हा धोका वाढतो. ती चालू असेल तर आधी कधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला झाली होती का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

एकच पाय सुजला, गरम लागला, पोटरी दुखली, तर चोळायचं नाही. तेल नाही, शेक नाही, दाबून घेणं नाही. त्याच दिवशी पायाची डॉपलर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. त्यांना कसं माहीत असणार? म्हणून तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना हे आजच सांगून ठेवा.

डी-डायमर ही रक्ताची तपासणी सुजेमुळेही वाढते, म्हणून आजार उसळलेला असताना ती वाढलेली आली तर तेवढ्यावरून गुठळी ठरत नाही. लक्षणांवरून संशय दाट असेल तर डॉक्टर शिरेत रंग सोडून फुप्फुसाचा सीटी काढतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) वाढलेलं असेल किंवा रंगाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं.

वॉर्डात भरती झाल्यावर पोटाच्या कातडीत हेपारिनची सुई देतात. यावरून मी नातेवाइकांना भांडताना पाहिलंय : शौचातून रक्त जातंय आणि तुम्ही रक्त पातळ करताय? त्यांची भीती खरी आहे, पण हिशोब उलटा आहे. भरती होण्याइतका आजार उसळलेला असताना गुठळीचा धोका मोठा असतो आणि त्या लहान मात्रेमुळे आतड्यातलं रक्त सहसा वाढत नाही. सुई दिली नसेल तर "गुठळी होऊ नये म्हणून काही देणार का?" असं नम्रपणे विचारा.

घरी असाल तर दर तासाला पावलं वर-खाली करा, उठून खोलीत दोन फेऱ्या मारा, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घोटाघोटानं घ्या. पाणी तोडू नका. पाणी तोडल्यानं जाणं थांबत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

औषधामुळे

हा भाग विरळा आहे, म्हणून गोळ्या घाबरून टाकू नका. पण माहीत असावा. मेसालामिन किंवा सल्फासालाझिन ही या आजारावरची औषधं सुरू केल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कोरडा खोकला, बारीक ताप आणि चालताना दम असं सुरू झालं, तर फुप्फुसाला ते औषध मानवलेलं नसू शकतं. एक्स-रेत डाग दिसतात, न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक दिली जाते, गुण येत नाही. औषध थांबवल्यावर बहुतेकांचं सुधारतं. क्वचित हेच औषध पहिल्या काही आठवड्यांत हृदयाला किंवा त्याच्या आवरणाला सूज आणतं : आडवं झाल्यावर छाती दुखते, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. तिथे ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) लगेच. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना नवा कोरडा खोकला आला तर त्याच दिवशी फोन करावा.

इन्फ्लिक्सिमॅबसारखी बायोलॉजिक औषधं घेणाऱ्यांनी क्षयरोग डोळ्यांसमोर ठेवायचा. ही औषधं शरीरात निपचित पडलेला क्षय जागा करू शकतात. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयासाठीची इग्रा (रक्ताची) किंवा मॅन्टू (कातडीत सुई देऊन करायची) तपासणी होते. ती चांगली आली तरी नंतर दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन दिसलं तर पुन्हा तपासा. स्टिरॉइड चालू असताना मोठ्या संसर्गातही ताप फारसा चढत नाही, म्हणून ताप नाही यावर विसंबू नका.

यातलं कुठलंही औषध स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही, स्टिरॉइड तर मुळीच नाही. ते एकदम सोडलं तर माणूस कोसळतो. औषध सुरू केल्याची तारीख आणि धाप सुरू झाल्याची तारीख एका ओळीत लिहून न्या. डॉक्टरांना बहुतेकदा तेवढ्यानं वाट सापडते.

जुना खोकला

आमच्या ओळखीचे डिचोलीचे एक गृहस्थ आहेत. मोठं आतडं ऑपरेशननं काढलं, पोटाचा त्रास संपला आणि दीड वर्षानं खोकला सुरू झाला. रोज सकाळी अर्धी वाटी बेडका. गावात सगळे म्हणाले खाणींची धूळ. त्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही. चार वेळा अँटिबायोटिक झाल्यावर एका छातीच्या डॉक्टरांनी पोटावरचा व्रण बघितला आणि विचारलं, हे कशाचं?

कोलायटिसमध्ये श्वासनलिकांनाही सूज येऊ शकते. आतडं आणि श्वासमार्ग गर्भात एकाच मूळ नळीतून घडतात, त्यामुळे दोन्हींच्या अस्तरात सारखेपणा असतो. 1976 मध्ये असे सहा रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आणि तिथून डॉक्टरांचं लक्ष याकडे गेलं. विचित्र वाटेल, पण पोट शांत असताना, अगदी आतडं काढल्यावरही हे सुरू होतं. छातीचा साधा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. एचआरसीटी (फुप्फुसाचा बारीक तपशील दाखवणारा सीटी) आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री यांत कळतं. उपचार बहुतेकदा श्वासावाटे ओढायच्या स्टिरॉइडचा, आणि लवकर सुरू झाला तर चांगला लागू पडतो. उशीर झाला तर नलिका कायमच्या रुंदावतात. त्या गृहस्थांचा बेडका आता पुष्कळ कमी आहे, गेलेला नाही.

खोकला जुना असलेल्यांनी आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंतीवरची बुरशी पुसून घ्यावी, ओले कपडे निजायच्या खोलीत वाळत घालू नयेत, आणि दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळतात त्या रात्री धुराच्या बाजूला थांबू नये. विडी-सिगारेट सोडल्यावर कोलायटिस सुरू झाला म्हणून पुन्हा ओढायला सांगणारे भेटतात. ऐकू नका. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोकोकलची लस डॉक्टरांना विचारून घ्या. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर जिवंत विषाणूंच्या लसी चालत नाहीत, लस देणाऱ्याला हे आधी सांगावं. छाती-पाठ दुखली म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दुकानातून आणू नका, त्यांनी आतडं उसळू शकतं.

घरी मोजताना

पाच मिनिटं शांत बसा. नखाला रंग किंवा मेंदी नसलेलं, गार न पडलेलं बोट ऑक्सिमीटरमध्ये घाला आणि आकडा ठरेपर्यंत थांबा. 94 च्या खाली असेल तर डॉक्टरांना कळवा, 92 किंवा कमी असेल तर निघा. श्वास घरातल्या दुसऱ्यानं मोजावा, तुम्हाला न सांगता, पूर्ण एक मिनिट. आपण मोजतोय हे कळलं की श्वास बदलतो. बसलेल्या मोठ्या माणसाचे 12 ते 20 असतात. 25 च्या वर गेले तर वाट बघू नका.

डॉक्टरांना काय सांगायचं

"अल्सर आहे" असं सांगू नका. माझ्या बाबतीत दोनदा असं झालं की समोरच्यानं जठरातला अल्सर धरला आणि ॲसिडिटीची गोळी लिहिली. "मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस" असं पूर्ण म्हणा आणि पुढे "सध्या उसळलेला आहे" किंवा "शांत आहे" हे जोडा. छातीच्या डॉक्टरांना पोट सांगा, पोटाच्या डॉक्टरांना छाती सांगा. दोघे एकमेकांना फोन करतील असं गृहीत धरू नका.

माझ्या पर्समध्ये एक घडी घातलेला कागद असतो. त्यावर आजाराचं नाव, निदानाचं वर्ष, चालू औषधं मात्रेसह आणि सुरू केल्याच्या तारखा, शेवटचं हिमोग्लोबिन, फेरिटिन, सीआरपी, 2019 ची गुठळी, ॲलर्जी, रक्तगट आणि मिस्टरांचा नंबर. त्यालाच दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या) कार्डाची झेरॉक्स टाचलेली आहे. दुसरी प्रत शाळेत मुख्याध्यापिकांच्या कपाटात, तिसरी रस्त्याला लागून राहणाऱ्या शेजारच्या काकींकडे. रात्री गाडी आली तर काकींनी बॅटरी घेऊन पायऱ्यांशी उभं राहायचं आणि कागद गाडीतल्या माणसाच्या हातात द्यायचा, असं आमचं ठरलेलं आहे. दर तीन महिन्यांनी मी तीनही कागद बदलते, जुने फाडून टाकते.